जोड्या अक्काच्या, सुटे माझे

पाच-सहा आणि सहा-पाच हे एकच की वेगवेगळं, या एका प्रश्नापायी मी नवऱ्याशी भांडले, सासूशी भांडले आणि देवीलाही सोडलं नाही. आता डोक्यावरचे सगळे केस पांढरे झाले, तरी ते मला धड उमगलंय असं छातीठोकपणे सांगता येत नाही. हसा खुशाल. त्या वेळीही सगळे हसलेच होते.

महाराजांचं राज्य होतं. कोल्हापुरात आमचं घर जुन्या पेठेत, गल्लीच्या तोंडाशी. घरात आम्ही पाच माणसं. सासूबाई, म्हणजे आमच्या आत्याबाई, थोरले दीर, त्यांची नव्या बाजारात गुळाची अडत, त्यांची बायको, जिला मी अक्का म्हणायची, आमचे हे, मोजणी खात्यात कारकून, आणि मी. पाच माणसं आणि पाळणा एकही नाही. अक्काची कूस उजवलीच नव्हती. माझी दोन बाळंतपणं वाया गेली होती. आम्ही दोघी जावा चुलीपुढं बसलो की गल्लीतल्या बाया दारातून डोकावून जायच्या आणि त्यांच्या नजरेत काय असायचं ते आम्हाला कळायचं. त्यावर आम्ही दोघी एकमेकींशी कधी बोललो नाही.

आत्याबाईंना सारीपाटाचा भलता नाद. दुपारची भांडी झाली की पट अंथरायचा, सोंगट्या मांडायच्या, आणि मग घराला आग लागली तरी त्या उठायच्या नाहीत. आमच्याकडं दोन फाश्यांनी खेळायचे. फासे म्हणजे बोटाएवढे लांबट, चार बाजूंचे. एका बाजूला एक ठिपका, दुसरीला दोन, मग पाच, मग सहा. तीन आणि चार नाहीतच. मूळची जोडी हस्तिदंती, पांढरीशुभ्र. त्यातला एक फासा कधीतरी परड्यात हरवला. मग पलीकडच्या गल्लीत शिंगाच्या फण्या करणारे एक मुसलमान चाचा होते, त्यांनी म्हशीच्या शिंगाचा दुसरा करून दिला. काळा झाला. "रंगाचं माफ करा वैनी," ते आत्याबाईंना म्हणाले, "पर वजनाला हाय तसाच केलाय." तेव्हापासून आमची जोडी एक पांढरा, एक काळा अशी. हे नीट ध्यानात ठेवा, पुढं सगळा घोटाळा याच्यावरच झाला.

अक्काचा हात फाश्यावर चांगला होता. लहानपणापासून खेळलेली. मी आपली शाळेत चार इयत्ता शिकलेली, पाढे तोंडपाठ, त्यामुळं मला वाटायचं मीच शहाणी.

त्या साली आमची नणंद बाळंतपणात गेली. तिला दिली होती गगनबावड्याकडं. पोरगी वाचली. पावसानं जरा उघडीप दिली तसे जावई बैलगाडीनं ती पोर घेऊन आले. घोंगडीत गुंडाळलेला एवढासा गोळा, वर फक्त नाक. त्यांनी ती आत्याबाईंच्या मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "मला हिचं करायला जमणार न्हाय. माझं दुसरं लगीन ठरतंय. तुम्ही कायमची ठेवून घ्या." मला त्या माणसाचा एवढा संताप आला म्हणता! पण पोर रडली आणि माझा संताप कुठल्या कुठं गेला. मी हात पुढं केले. बघते तर अक्काचेही हात पुढं आलेले.

दोन-तीन दिवस आम्ही तिला वाटून घेतली. मी शेळीच्या दुधाचा बोळा पिळायची, अक्का न्हाऊमाखू घालायची. पोरगी गप झाली की कुणाच्या मांडीवर गप झाली यावरून आमची धुसफूस. एकदा तर मी पाळण्याची दोरी तिच्या हातातून ओढून घेतली. मग आत्याबाई कडाडल्या.

"हे असलं चालणार न्हाय! दोघींची पोर ती कुणाचीच पोर न्हाय. हिला आई एकच पायजे. दुसरी मामी. एकदाच काय ते ठरवा आणि पुन्हा त्यावर कुणी तोंड उघडायचं न्हाय."

थोरले दीर म्हणाले, बायकांचं बायकांनी बघा. आमचे हेही तेच म्हणाले. पुरुषांचं आपलं बरं असतं.

आत्याबाईंनी गल्लीतल्या देवीला कौल लावला. गुरवानं देवीच्या उजव्या अंगाला एक ओली पाकळी चिकटवली, ती अक्काची. डाव्या अंगाला एक, ती माझी. जी आधी पडेल तिची पोर. आम्ही पदर पसरून उभ्या. आणि काय व्हावं? दोन्ही पाकळ्या एकदमच गळून खाली आल्या. गुरव डोकं खाजवायला लागला. आत्याबाई म्हणाल्या, "देवीलाच ठरंना, तर आपण कोण?" आणि घरी येऊन त्यांनी सरळ फासे काढले.

आता बघा. एक, दोन, पाच, सहा. दोन फासे टाकले की बेरीज काय काय येते? दोन, तीन, चार, सहा, सात, आठ, दहा, अकरा, बारा. पाच आणि नऊ येतच नाहीत. आत्याबाईंनी बोटांवर मोजून सांगितलं, "सात मधला आकडा हाय. सात आलं तर पुन्हा टाकायचं. राहिले आठ. चार एकीचे, चार दुसरीचे. थोरलीनं आधी निवडावं. फासे उद्या सकाळी अंघोळी झाल्यावर मी टाकणार."

अक्कानं क्षणभरही विचार केला नाही. "जोड्या माझ्या," ती म्हणाली. म्हणजे एक-एक, दोन-दोन, पाच-पाच, सहा-सहा. दोन, चार, दहा, बारा. राहिलेले सुटे, तीन, सहा, आठ, अकरा, माझ्या पदरात.

मला रडूच फुटलं. सारीपाटात जोडी म्हणजे मान. दोन सारखे पडले की सगळे ओरडतात, खेळणारीचा चेहरा फुलतो. अक्कानं सगळे मानाचे आकडे उचलले आणि मला गाळ ठेवला. थोरली ना ती! मी पदर तोंडाला लावून परड्यात जाऊन बसले.

संध्याकाळी मात्र मला चैन पडेना. मी पांढरा आणि काळा फासा घेतला आणि जमिनीवर चिंचोके मांडायला लागले. पांढऱ्यावर एक, तर काळ्यावर एक, दोन, पाच, सहा. चार चिंचोके. पांढऱ्यावर दोन, पुन्हा चार. असं करत चार ओळी, चार चोक सोळा. आणि मग मी जोड्या शोधायला लागले. पाच-पाच एकदाच. सहा-सहा एकदाच. पण अकरा? पांढरा पाच काळा सहा, आणि पांढरा सहा काळा पाच. दोनदा! तीनही दोनदा, सहाही दोनदा, आठही दोनदा. सोळातले चार सात, ते बाद. जोड्या चार. आणि माझे सुटे किती? आठ! अक्काच्या दुप्पट!

मी अशी उठले की चिंचोके चुलीपर्यंत उडाले. आमचे हे नुकतेच कचेरीतून येऊन पाय धूत होते. मी त्यांना तिथंच गाठलं.

ते ऐकून हसले. "अगं येडे, पाच-सहा आणि सहा-पाच म्हणजे अकराच की. एकच झालं. चार आकडे तिचे, चार तुझे. बरोबरीचा डाव हाय."

"एकच कसं? एकदा पांढऱ्यावर पाच, एकदा काळ्यावर पाच."

"बेरीज तीच ना?"

मला एकदम सुचलं. म्हटलं, "अक्कानं भाकरी केल्या आणि मी धुणं धुतलं. आणि दुसऱ्या दिवशी मी भाकरी केल्या आणि अक्कानं धुणं धुतलं. हे एकच काय?"

ते शांतपणे म्हणाले, "व्हय की. घरात भाकरी झाली, धुणं झालं. मला काय फरक पडतोय?"

कपाळ माझं! दिवसभर दरबारच्या जमिनी मोजणारा माणूस, आणि घरात हे. "जिला धुणं धुवावं लागतं तिला पडतोय!" मी ओरडले. मग त्यांनी उलट मलाच एक प्रश्न घातला. "बरं," ते म्हणाले, "आधी दोन्ही फासे पांढरे होते. तेव्हा तुला कुठला पाच आणि कुठला सहा हे कळत होतं काय? मग तेव्हा अकरा एकदाच, आणि चाचानं काळा फासा करून दिला म्हणून आता दोनदा? रंग लावल्यानं डाव बदलतोय होय?"

खरंच, फाश्याला रंग दिला म्हणून तो जास्त वेळा थोडाच पडणार? मग आधीही आठच असायला हवेत. पण आधी दोन्ही सारखे दिसायचे, मग ते वेगळे कसे? डोकं नुसतं भणभणायला लागलं. मी जाते आणि येते, पुन्हा चिंचोके मांडते, पुन्हा मोडते. आत्याबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "शाळेत घालून पोरींची टाळकी फिरवल्यात." शेवटी मी अक्काकडंच गेले. ती पोरीला पायावर घेऊन तेल चोळत होती.

मी सगळं सांगून टाकलं. माझ्या पोटात काही राहत नाही. म्हटलं, "अक्का, तुमचा डाव माझ्या निम्मा हाय. माझे आठ हायत, तुमचे चार. निदान माझ्या हिशेबानं तरी. पण ते म्हणतात, फासे सारखे असले तर असं न्हाय. मला काय सुधरंना झालंय."

अक्कानं वर बघितलं नाही. पोरीच्या टाचेला तेल लावत म्हणाली, "आपल्याला सारखे दिसले म्हणून काय झालं? फाश्याला ठाऊक असतंय की, आपण कोण ते."

"मग माझे आठच?"

"असतील."

"मग बदला की आकडे! अजून फासे पडले न्हाईत."

"न्हाय. बोलले ते बोलले. जा, पाणी ठेव. पोरीला गार लागंल."

मी पाणी ठेवलं. पण तिला खरंच कळलं होतं की नुसतं मला गप करायला म्हणाली, हे काही ध्यानात येईना. ठाऊक असूनही निम्मा डाव कोण घेईल? एवढं मात्र पक्कं झालं की पोर माझ्याकडं येणार. रात्रभर मी मनातल्या मनात पोरीला एकेक नाव लावून बघत होते.

सकाळी आत्याबाई पटासमोर बसल्या. देवापुढं दिवा होता. दोघीही आम्ही न्हालेल्या, ओल्या केसांच्या. पोरगी मधे दुपट्यावर, मूठ चोखत. आत्याबाईंनी फासे हातात घासले, कपाळाला लावले आणि टाकले.

पांढरा दोन, काळा पाच. सात. बाद.

पुन्हा टाकले. पांढरा फासा लगेच बसला, पाच. काळा घरंगळत पटाच्या कडेपर्यंत गेला, तिथं एका कडेवर क्षणभर उभा राहिला आणि मग आडवा झाला. पाच.

पाच-पाच. जोडी.

अक्कानं पोर उचलली आणि तोंड तिच्या पोटात खुपसलं. तिची पाठ गदगदत होती. आमचे हे दारात उभे होते, ते म्हणाले, "बघ, आली की जोडी. उगाच आठ-आठ करत होतीस." मी उठले, परड्यात गेले आणि हंडा एवढ्या जोरात आपटला की त्याला पोचा पडला. तो पोचा अजून आहे.

मला हरल्याचं दुःख होतंच, का नसेल? पण त्याहून जास्त गोंधळ होता. हिशेब बरोबर होता ना माझा? आठ माझे, चार तिचे. मग आलं तिचं कसं? बरोबर हिशेब असून माणूस हरतो, तर मग हिशेब कशाला करायचा? मला वाटलं, काळ्या फाश्यातच खोट असणार. मग दुपारी सगळे पडले की मी एकटी फासे टाकत बसायची. जोडी आली की एक चिंचोका इकडं, सुटे आले की एक चिंचोका तिकडं. आणि रोज सुट्यांचाच ढीग मोठा व्हायचा. जवळजवळ दुप्पट. चाचांच्या फाश्यात काही खोट नव्हती. माझ्या हिशेबातही नव्हती. मग खोट होती कुठं? देवीच्या देवळात जाऊन मी तोंडावर विचारलं तिला, "शंभरदा माझ्या बाजूनं पडतंय, मग त्या एकदाच का न्हाय?" देवी काय बोलणार!

पोरगी वाढली. अक्काला आई म्हणायची, मला मामी. आत्याबाईंनी सांगितल्याप्रमाणं त्यावर पुन्हा कुणी तोंड उघडलं नाही. मीही नाही. मी तिच्या वेण्या घालायची, महाराजांची गाडी रस्त्यानं निघाली की तिला कडेवर घेऊन दारात उभी राहायची, पण लागलं-खुपलं की ती मला ओलांडून अक्काकडं पळायची. एकदा ती धावत आली, मी हात पसरले आणि ती माझ्या काखेखालून निघून गेली. त्या दिवशी मी जेवले नाही. अक्कानं माझं ताट झाकून ठेवलं आणि काही विचारलं नाही. तिच्यावर मला राग धरता येईना, आणि सोडताही येईना. खूपदा वाटायचं विचारावं, की बाई, तुला ठाऊक होतं का नव्हतं? निम्मा डाव तू माझ्यासाठी घेतलास, की चुकून घेतलास? आज विचारू, उद्या विचारू करत राहिले.

मग ती तापाची साथ आली. पेठेत घरटी माणूस पडलं. आधी आत्याबाई गेल्या. मग अक्काला ताप भरला आणि चार दिवसांत ती गेली. शुद्धीवर होती तोवर माझ्याकडं बघत होती, पण बोलायला तिला दम पुरत नव्हता आणि अशा वेळी फाश्यांचं काय विचारायचं?

पोर माझ्याकडं आली. मला जे पाहिजे होतं ते मिळालं, असं गल्लीतली एक बाई माझ्या तोंडावर म्हणाली. मी तिला उंबऱ्याच्या बाहेर काढलं. असं मिळायला मी कधी मागितलं होतं?

पोरगी बोलायची नाही. जेवायची, शाळेत जायची, येऊन अक्काच्या गोधडीवर बसायची. हाक मारायची ती मामी अशीच. मी काय म्हणणार? एका दुपारी तिनं स्वतःच पट काढला. फडताळात एवढे दिवस पडून त्याला वास लागला होता. सोंगट्या काही मांडल्या नाहीत, नुसते फासे घेतले आणि म्हणाली, "मामी, नुसतं जोड्या आणि सुटे खेळू. आई आणि मी खेळायचो."

मी म्हटलं, "तुझ्या जोड्या काय?"

"न्हाय. आईच्या जोड्या. माझे सुटे. ती नेहमी जोड्याच घ्यायची."

"अगं, पण जोड्या कमी येतात."

"ठाऊक हाय," पोरगी म्हणाली. "निम्म्यानं येतात. आईनंच शिकवलंय मला."

इतकी वर्षं जे विचारायचं राहिलं होतं, ते असं समोर येऊन बसलं. मी कसंबसं विचारलं, "मग ती जोड्या का घ्यायची गं? हरायला?"

पोरगी फासा बोटात फिरवत होती. "मी पण विचारलंतं. ती म्हणाली, सुटे काय, येतातच. जोडी आली की कळतंय, कुणीतरी दिली म्हणून. मग आपण कुणाचं घेतलं असं वाटत न्हाय."

मी पदरानं तोंड पुसलं. म्हणजे ठाऊक होतं तिला. सगळं ठाऊक होतं. माझ्या हातचं घ्यायचं नव्हतं म्हणून तिनं डाव माझ्या पारड्यात टाकला होता, आणि मी इकडं हंडे आपटत होते.

पोरीनं फासे माझ्या हातात दिले. माझ्याकडं न बघता म्हणाली, "आता जोड्या तुझ्या. जोडी आली तर तुला आई म्हणीन."

सोळातले चार. आयुष्यभर मोजलं होतं मी ते, मला कुणी सांगायला नको होतं. आठांच्या वेळी जे आलं नाही, ते चारांच्या वेळी कुठलं येतंय? मी टाकले.

पांढरा पाच, काळा सहा.

मी पट गुंडाळायला घेतला. म्हटलं, जाऊ दे, मामीच बरी. पोरीनं पटावर हात ठेवला, फासे गोळा केले आणि माझ्या मुठीत परत कोंबले.

"पुन्हा टाक."

"सात कुठं आलंय गं? अकरा आलं. पुन्हा कसं टाकायचं?"

"पुन्हा टाक की."

मी टाकले. सहा-दोन. तिनं फासे उचलून दिले. दोन-एक. तिनं उचलून दिले. असलं कुठं असतं का? एकदा टाकला की डाव संपला, आत्याबाई असत्या तर आम्हा दोघींना पटावरून उठवलं असतं. या खेळाचा हिशेब कुठल्या चिंचोक्यांनी मांडायचा, ते मला तेव्हाही कळलं नाही आणि आजही कळत नाही. जोडी येईपर्यंत ती फासे माझ्या हातात देत राहिली.